रोलरवरील मोटार आणि रस्त्यावरील धूर

२६ मे २०२५ रोजी जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील न्यायालयाने फोक्सवॅगन कंपनीच्या चार माजी अधिकाऱ्यांना व अभियंत्यांना फसवणुकीबद्दल दोषी ठरविले. त्यांपैकी दोघांना प्रत्यक्ष तुरुंगवासाची शिक्षा झाली आणि उरलेल्या दोघांच्या शिक्षेची अंमलबजावणी स्थगित ठेवण्यात आली. खटला जवळजवळ चार वर्षे चालला आणि ज्या गुन्ह्याबद्दल तो होता तो उघडकीस येऊन त्या वेळी दहा वर्षे होत आली होती. इतक्या जुन्या प्रकरणाची आज आठवण कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु या प्रकरणाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो जुना झालेला नाही, आणि तो केवळ जर्मनीचाही नाही. मोजणी कोठे करावयाची, कोणी करावयाची आणि मोजणीच्या जागी दिसलेले सत्य प्रत्यक्ष व्यवहारातही तेच आहे हे कोणी पाहावयाचे, असा तो प्रश्न आहे.

या प्रकरणाची चर्चा बहुधा कायद्याच्या आणि पैशाच्या अंगाने झाली. वास्तविक ते इंजिन जुळविण्याच्या, म्हणजे ज्याला गॅरेजच्या भाषेत ‘ट्यूनिंग’ म्हणतात त्या विद्येच्या दुरुपयोगाचे प्रकरण आहे. शर्यतीच्या मोटारींची इंजिने जुळविणाऱ्या कुशल कारागिराला जी गोष्ट रोजच्या अनुभवाने ठाऊक असते, तीच गोष्ट या कंपनीच्या अभियंत्यांनाही ठाऊक होती. फरक हेतूचा होता. म्हणून हा सारा प्रकार समजून घ्यावयाचा तर प्रथम या विद्येचीच थोडी ओळख करून घ्यावयास हवी.

इंजिनाची शक्ती मोजण्याच्या यंत्राला डायनॅमोमीटर म्हणतात. व्यवसायातील लोक त्याला नुसते ‘डायनो’ म्हणतात. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७७ मध्ये जहाजांच्या इंजिनांची शक्ती मोजण्यासाठी पाण्याच्या विरोधावर चालणारा डायनॅमोमीटर तयार केला. तत्त्व आजही तेच आहे. फिरत्या दांड्याला मोजूनमापून विरोध करावयाचा, तो विरोध मोडून काढण्यासाठी इंजिनाला किती पीळ द्यावा लागतो हे पाहावयाचे आणि त्या पिळाला फेऱ्यांच्या वेगाने गुणून शक्ती काढावयाची. मोटारीसाठी जो डायनो वापरतात त्यात जमिनीत बसविलेले जाड रोलर असतात. मोटार पट्ट्यांनी जखडून ठेवतात, तिची चाके त्या रोलरवर फिरतात, समोर मोठा पंखा वारा घालतो आणि मोटार जागच्या जागी ताशी शंभर-दीडशे किलोमीटर ‘धावते’.

हे यंत्र कशासाठी लागते? आजच्या इंजिनात किती इंधन सोडावयाचे आणि ठिणगी कोणत्या क्षणी पाडावयाची याचा निर्णय एक लहानसा संगणक घेतो. त्याच्या स्मृतीत कोष्टके भरलेली असतात. एका बाजूला इंजिनाच्या फेऱ्या, दुसऱ्या बाजूला इंजिनावरील भार आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा, असे या कोष्टकाचे रूप असते. त्याला ‘मॅप’ म्हणजे नकाशा असे म्हणतात. पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी एका भाग इंधनाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. अधिक शक्ती हवी असेल तर मिश्रण याहून थोडे दाट, म्हणजे साडेबारा ते तेरा भागांच्या आसपास ठेवतात. ठिणगी थोडी लवकर पाडली तर शक्ती वाढते. फार लवकर पाडली तर मिश्रण अवेळी भडकते, इंजिन आतून ठोकू लागते आणि हे ठोकणे चालूच राहिले तर पिस्टनला भोक पडावयासही वेळ लागत नाही. शक्ती आणि नाश यांमधली रेषा अशी बारीक असते. ती शोधावयाची तर इंजिन एकाच फेऱ्यांवर, एकाच भाराखाली स्थिर धरता आले पाहिजे, आणि ते रस्त्यावर शक्य नसते. म्हणून डायनो.

परंतु जाणता कारागीर डायनोवर थांबत नाही. पंखा कितीही मोठा असला तरी रस्त्यावर वेगाने धावणाऱ्या मोटारीला मिळणारा वारा तो देऊ शकत नाही. उलट, डायनोवर एक फेरी काही सेकंदांत संपते, आणि बोरघाटाच्या किंवा खंबाटकीच्या चढावर भरलेली मोटार कित्येक मिनिटे सतत ओढावी लागते. तेथे इंजिनात आणि त्याच्या भोवती जी उष्णता साठते ती डायनोवरच्या आलेखात दिसलेली नसते. उंची वाढली की हवा विरळ होते आणि साध्या इंजिनाची शक्ती दर शंभर मीटरला सुमारे एक टक्क्याने घटते. म्हणजे मुंबईत मोजलेले इंजिन पुण्यात मोजले तर पाच-सहा टक्के कमी भरावयाचे. ही तफावत गणिताने दुरुस्त करण्याची सूत्रे आहेत, पण सूत्र बदलले की आकडाही बदलतो. म्हणूनच डायनोवरच्या आकड्याची बढाई मारणारा कारागीर नवशिका समजावा. जो अनुभवी असतो तो डायनोवर पाया घालतो, मग मोटार रस्त्यावर काढतो, सोबत नोंदी घेणारे यंत्र ठेवतो, चढावर, उतारावर, गर्दीत, थंड सकाळी आणि भर उन्हात ती चालवून पाहतो आणि नकाशातील आकडे पुन्हा दुरुस्त करतो. डायनो हा त्याच्या दृष्टीने प्रश्न विचारण्याची जागा असते. उत्तर रस्त्यावर मिळते.

सरकारांनी मोटारींच्या धुरावर मर्यादा घातल्या तेव्हा मोजणीसाठी त्यांनीही हेच यंत्र स्वीकारले. त्यास सबळ कारण होते. दोन कंपन्यांच्या मोटारींची तुलना करावयाची तर दोन्हींना एकच तपमान, एकच वेग आणि एकच वेळ मिळावयास हवा. रस्त्यावर तसे घडत नाही. तेथे वारा असतो, गर्दी असते आणि चालविणाऱ्याचा स्वभावही असतो. म्हणून प्रयोगशाळेतील रोलरवर ठराविक वेळापत्रकाप्रमाणे मोटार चालविण्याची पद्धत रूढ झाली. युरोपात वर्षानुवर्षे वापरात असलेले जुने वेळापत्रक ११८० सेकंदांचे होते. त्यात सुमारे अकरा किलोमीटर अंतर पार व्हावयाचे. भारताने तेच थोड्या फरकाने घेतले आणि सर्वोच्च वेग ताशी ९० किलोमीटरवर आणला. कोणत्या सेकंदाला मोटार किती वेगाने जाईल हे सर्वांना आधीच ठाऊक असे. शाळेची वार्षिक तपासणी कोणत्या दिवशी आहे आणि तपासनीस कोणत्या वर्गात कोणता धडा विचारणार आहेत हे महिनाभर आधी कळले, तर त्या दिवशी शाळा कशी दिसेल हे शिक्षकांना सांगावयास नको. तपासणीचा अहवाल खोटा नसतो. त्या दिवसापुरता तो खराच असतो.

याचा परिणाम हळूहळू दिसू लागला. ‘इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन’ या संस्थेने युरोपातील मोटारींच्या इंधनखर्चाचा अभ्यास केला. प्रयोगशाळेतील आकडा आणि प्रत्यक्ष रस्त्यावरील आकडा यांतील तफावत २००१ मध्ये सुमारे ९ टक्के होती. २०१५ पर्यंत ती सुमारे ४२ टक्क्यांवर गेली. इंजिने परीक्षेपुरती हुशार होत चालली होती. यातील बराच भाग कायद्याच्या चौकटीत राहून साधलेला होता. फोक्सवॅगनने त्या पुढचे पाऊल टाकले.

या कंपनीच्या डिझेल मोटारींतील संगणकात दोन नकाशे होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १८ सप्टेंबर २०१५ रोजी बजावलेल्या नोटिशीत ही युक्ती स्पष्ट केली आहे. स्टिअरिंग कोणत्या स्थितीत आहे, वेग किती आहे, इंजिन किती वेळ चालू आहे आणि हवेचा दाब किती आहे, या गोष्टींवरून संगणक ताडत असे की, मोटार रोलरवर आहे की रस्त्यावर. चाके फिरत आहेत पण स्टिअरिंग वळत नाही, याचा अर्थ परीक्षा चालू आहे. मग धूर स्वच्छ करणारी यंत्रणा पूर्ण शक्तीने काम करू लागे. परीक्षा संपून मोटार रस्त्यावर आली की दुसरा नकाशा लागू होई आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत बाहेर पडत. अमेरिकेत अशा सुमारे ४ लाख ८२ हजार आणि जगभरात सुमारे १ कोटी १० लाख मोटारी विकल्या गेल्या. ज्या रस्त्यावरील चाचणीने प्रामाणिक कारागीर आपली चूक शोधतो, तोच रस्ता येथे चूक लपविण्याची जागा ठरला.

एवढ्या मोठ्या आणि नामांकित कंपनीला हे का करावे लागले? डिझेल इंजिनाच्या स्वभावातच एक पेच आहे. ज्वलन जितके प्रखर आणि उष्ण, तितका इंधनाचा उपयोग चांगला आणि काजळी कमी. परंतु त्याच उष्णतेत हवेतील नायट्रोजन आणि प्राणवायू यांचा संयोग होऊन ही ऑक्साइडे तयार होतात. ती कमी करावयाची तर जळालेला धूर पुन्हा इंजिनात फिरवून ज्वलन मंद करावे लागते, म्हणजे काजळी वाढते आणि तिच्यासाठी असलेली गाळणी लवकर भरते. किंवा ऑक्साइडे शोषून घेणारा सापळा लावून तो स्वच्छ करण्यासाठी वरचेवर जादा इंधन खर्ची घालावे लागते. किंवा युरियाचे द्रावण धुरात फवारावे लागते, म्हणजे वेगळी टाकी, वजन आणि खर्च आला. स्वच्छ धूर, चांगले ॲव्हरेज, जोरदार पिकअप आणि कमी किंमत या चारही गोष्टी एकाच मोटारीत मिळतील असे कंपनीने जाहिरातीत सांगून टाकले होते. अभियंत्यांना त्या एकत्र आणता आल्या नाहीत, तेव्हा त्या वेगवेगळ्या वेळी दाखविण्याची सोय त्यांनी केली. व्यवस्थापनाने अशक्य कोटीतील उद्दिष्ट ठरवावे आणि हाताखालच्यांनी ते कागदोपत्री पुरे करून दाखवावे, ही गोष्ट आपल्या कचेऱ्यांतील माणसांना अपरिचित नाही.

हा बनाव उघडकीस कसा आला, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तो कोणत्याही सरकारी प्रयोगशाळेने पकडला नाही. वर उल्लेखिलेल्या संस्थेने २०१३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांकडून तीन डिझेल मोटारींची रस्त्यावर चाचणी करविली. हेतू दोष शोधण्याचा नव्हताच. अमेरिकेतील कायदा कडक असल्याने तेथील डिझेल मोटारी स्वच्छ असणार आणि त्यांचे उदाहरण युरोपला दाखविता येईल, असे त्या संस्थेला वाटत होते. डॅनियल कार्डर यांच्या नेतृत्वाखालील त्या लहानशा चमूत अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे भारतातून गेलेले दोन संशोधकही होते. त्यांनी धूर मोजण्याची यंत्रे मोटारीच्या मागील भागात चढविली आणि मोटारी कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर काढल्या. एक मोटार तर लॉस एंजलिसहून सिॲटलपर्यंत नेऊन परत आणली. फोक्सवॅगनच्या एका मोटारीचा धूर मर्यादेच्या १५ ते ३५ पट आणि दुसरीचा ५ ते २० पट आढळला. तिसऱ्या कंपनीची मोटार मात्र चढाचे रस्ते वगळता बहुतांशी मर्यादेत राहिली. म्हणजे प्रामाणिकपणे हे काम करता येत होते. कार्डर यांच्या चमूचा अहवाल मे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि कंपनीने सुमारे सव्वा वर्ष टोलवाटोलवी केल्यावर कबुली दिली.

त्यानंतर जे घडले ते सर्वश्रुत आहे. कंपनीच्या प्रमुखांनी आठवड्याच्या आत राजीनामा दिला. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ४.३ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला, आणि दंड, भरपाई व दुरुस्ती मिळून एकंदर खर्च ३० अब्ज युरोंच्या पलीकडे गेला. परंतु हा या जातीचा पहिला गुन्हा नव्हता आणि शेवटचाही ठरला नाही. हीच कंपनी १९७४ मध्ये, तपमान ओळखून धूरनियंत्रण बंद करणाऱ्या खटक्यांबद्दल १ लाख २० हजार डॉलर दंड भरून सुटली होती. १९९५ मध्ये जनरल मोटर्सला कॅडिलॅक मोटारींबाबत अशाच कारणासाठी दंड झाला. १९९८ मध्ये ट्रकची इंजिने बनविणाऱ्या सात कंपन्यांनी ८ कोटी ३४ लाख डॉलरचा दंड देऊन तडजोड केली. आणि डिसेंबर २०२३ मध्ये कमिन्स या इंजिन-उत्पादक कंपनीने अशाच आरोपावरून १ अब्ज ६७ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. पन्नास वर्षांत कंपन्या बदलल्या, यंत्रे बदलली. मोह बदलला नाही. तेव्हा एखाद्या कंपनीच्या किंवा एखाद्या देशाच्या चारित्र्यावर सारा दोष ढकलून भागणार नाही. ज्या पद्धतीत परीक्षेची जागा आणि वेळ आधीच ठाऊक असते, तेथे हा मोह पुन्हा पुन्हा उत्पन्न होणारच.

भारतातील अनुभव काय सांगतो? फोक्सवॅगनचे नाव निघण्याच्या दोन वर्षे आधीच, जुलै २०१३ मध्ये, जनरल मोटर्सच्या भारतीय शाखेने १ लाख १४ हजार ‘टवेरा’ गाड्या परत बोलाविल्या. उत्सर्जनाच्या चाचणीत आपल्याच कर्मचाऱ्यांनी हेराफेरी केल्याचे कंपनीने सरकारला कळविले होते. तपासणीसाठी जाणाऱ्या गाड्यांत निवडक, कमी धूर सोडणारी इंजिने बसविली जात. येथे संगणकाच्या चातुर्याचीही गरज पडली नाही. परीक्षेला हुशार विद्यार्थी आपल्या नावावर बसविण्याचा तो जुनाच मार्ग होता.

फोक्सवॅगनच्या प्रकरणानंतर पुण्याच्या ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ या संस्थेने या समूहाच्या भारतीय गाड्या रस्त्यावर चालवून पाहिल्या, तेव्हा धूर त्या वेळच्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळला. डिसेंबर २०१५ मध्ये समूहाने भारतातील सुमारे ३ लाख २४ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याची घोषणा केली. मात्र भारतात कोणताही नियम मोडलेला नाही, ही भूमिका कंपनीने सोडली नाही. कंपनीच्या या युक्तिवादातच आपल्या कायद्यातील उणीव उघडी पडते. त्या वेळी आपल्याकडे मर्यादा होती ती रोलरवर होणाऱ्या मोजणीची. रस्त्यावर किती धूर निघावा याविषयी नियम बोलतच नव्हता. पुढे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ, अवजड उद्योग मंत्रालय, पुण्याची उपरोक्त संस्था आणि नागपूरची ‘नीरी’ यांच्या प्रतिनिधींच्या समितीने एकट्या दिल्लीत या जादा धुराने झालेल्या आरोग्यहानीची किंमत १७१ कोटी ३४ लाख रुपये काढली. मार्च २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्ध सक्तीची कारवाई करण्यास मनाई केली. अमेरिकेत ग्राहकांना मोटारी परत करून पैसे घेण्याचा पर्याय मिळाला. भारतीय ग्राहकाला संगणकातील दुरुस्तीवर समाधान मानावे लागले.

एक सुधारणा मात्र निश्चितपणे झाली. १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज सहा’ हे मानक लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा दर किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली. १ एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींना रस्त्यावरील प्रत्यक्ष चाचणीही बंधनकारक झाली. मोजणीची यंत्रे मोटारीवर चढवून ती शहरात, ग्रामीण भागात आणि महामार्गावर चालवावयाची आणि धूर ठराविक सवलतीसह मर्यादेत राहतो की नाही हे पाहावयाचे, असे या चाचणीचे स्वरूप आहे. ज्या कंपन्यांना लहान डिझेल मोटारीत ही यंत्रणा बसविणे परवडेना, त्यांनी अशा मोटारी बनविणेच सोडून दिले. परीक्षा खरी झाली की, काहींनी परीक्षेस न बसण्याचा मार्ग पत्करावा, हे स्वाभाविकच आहे. त्यावर अश्रू ढाळण्याचे कारण नाही.

परंतु नवी मोटार कारखान्यातून बाहेर पडल्यावर पुढील पंधरा वर्षांचे काय? येथे आपली व्यवस्था अजूनही फार दुबळी आहे. सामान्य नागरिकाचा संबंध येतो तो पी.यू.सी. प्रमाणपत्राशी. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातील त्या टपरीवजा गाडीत पेट्रोल वाहनाचे इंजिन उभ्या जागी चालवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेल वाहनाचा अॅक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा पाहतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मोजणी या चाचणीत होत नाही. म्हणजे ज्या विषारी द्रव्यासाठी जगातील एका बलाढ्य कंपनीला अब्जावधी डॉलर मोजावे लागले, ते द्रव्य आपल्या पी.यू.सी.च्या यंत्राला दिसतच नाही. मोटारीवर कोणताही भार नाही, ती रस्त्यावर तर नाहीच, रोलरवरही नाही. अशा परीक्षेत उत्तीर्ण होणे ही गोष्ट कशाची हमी देते?

याच पोकळीत शक्ती वाढवून देणाऱ्या गॅरेजांचा धंदा वाढला आहे. मोटारीचा नकाशा बदलून, म्हणजे ‘रीमॅप’ करून, अधिक जोर मिळविण्याची हौस मोठ्या शहरांतील तरुणांत आहे आणि त्यासाठी लागणारे डायनोही आता उपलब्ध आहेत. ही विद्या मुळात निंद्य नाही. शर्यतीच्या मैदानावर ती अवश्य चालावी. उत्तम अभियंते तेथेच तयार होतात. दोष सुरू होतो तो धूर स्वच्छ करणारी गाळणी कापून काढण्यात आणि ती तेथेच आहे असे संगणकाला भासविण्यात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या २०२० मधील अहवालानुसार तेथे आदल्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप वाहनांतून ही यंत्रणा काढून टाकण्यात आली होती. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व उचलून धरले आहे, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. पोलीस त्याची अंमलबजावणी करतात ती मुख्यतः कानाला ऐकू येणाऱ्या गोष्टींवर. कर्कश सायलेन्सर जप्त होतात, ते रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरविला जातो आणि छायाचित्रे प्रसिद्ध होतात. आवाज न करता विष ओकणारा नकाशा मात्र कोणाच्या हाती लागत नाही, कारण तो पाहण्याचे साधन ना पोलिसाजवळ आहे ना पी.यू.सी. केंद्राजवळ.

हा प्रश्न केवळ मोटारवाल्यांच्या हौसेचा नाही. डिझेलच्या या जादा ऑक्साइडांचे परिणाम तपासणारा एक अभ्यास २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारतासह जगातील अकरा प्रमुख बाजारपेठांचा त्यात विचार होता. मर्यादेबाहेरच्या या धुरामुळे २०१५ या एका वर्षात सुमारे ३८ हजार माणसे अकाली मृत्यू पावली असावीत, असा त्याचा निष्कर्ष आहे. नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून सूक्ष्म कण आणि ओझोन तयार होतात आणि ते फुफ्फुसांत व रक्तवाहिन्यांत आपले काम करतात. हा धूर ज्यांच्या छातीत जातो त्यांपैकी बहुतेकांच्या मालकीची मोटार नसते. ते बसथांब्यावर उभे असतात, सायकलवर असतात किंवा हमरस्त्याला लागून असलेल्या शाळेच्या वर्गात बसलेले असतात. मोटारीच्या मालकाला निदान जोर आणि ॲव्हरेज तरी मिळाले. यांना काहीच मिळाले नाही.

मग प्रयोगशाळेतील चाचणी मोडीत काढावी काय? तसे म्हणणे उतावीळपणाचे होईल. रस्त्यावरील चाचणी दोन दिवस सारखी येत नाही. वारा, तपमान, चढ आणि चालविण्याची रीत यांनुसार आकडे बदलतात, आणि न्यायालयात टिकेल असा पुरावा त्यातून उभा करणे अवघड असते. रोलरवर मोजलेला आकडा पुन्हा पुन्हा तसाच येतो, हेच त्याचे बळ आहे. तेव्हा दोहोंपैकी एकाची निवड करण्याचा हा प्रश्न नाही. उत्तम कारागीर जसा डायनो आणि रस्ता या दोन्हींचा उपयोग करतो आणि एकाने दुसऱ्याला तपासतो, तसेच सरकारनेही करावयास हवे. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत आली तर ती तफावतच चौकशीचे कारण मानावयास हवी.

यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, चाचणीसाठी मोटार कंपनीने पाठविलेली नसावी. दोन-चार वर्षे वापरात असलेल्या गाड्या सामान्य मालकांकडून घेऊन त्या रस्त्यावर आणि रोलरवर अशा दोन्ही ठिकाणी तपासाव्यात आणि निकाल मोटारीच्या नावानिशी जाहीर करावेत. दुसरी, परीक्षक आणि परीक्षार्थी यांत अंतर हवे. पुण्याची संस्था १९६६ मध्ये मोटार उद्योगाने सरकारच्या सहकार्याने स्थापन केली. तिच्या शास्त्रीय कामगिरीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या उद्योगाची परीक्षा घ्यावयाची त्याच उद्योगाशी संस्थेचे मूळ जोडलेले असावे, ही रचना तत्त्वतः योग्य नाही. विद्यापीठांना आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांना रस्त्यावरील मोजणीची यंत्रे व स्वतंत्र निधी देऊन समांतर तपासणीचे काम सोपविता येईल. वेस्ट व्हर्जिनियाच्या विद्यापीठाने जे केले ते आपल्या विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. त्यांच्यापैकीच दोघांनी ते तेथे केले होते. तिसरी, पी.यू.सी.ची पद्धत आमूलाग्र बदलून तीत नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मोजणी आणि संगणकातील नकाशा मूळचा आहे की बदललेला याची तपासणी अंतर्भूत करावयास हवी. २०१९ च्या दुरुस्तीने दोषी उत्पादकाला शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद झाली आहे. पण दोष मोजण्याचे साधनच नसेल तर दंडाचा आकडा कितीही मोठा असला तरी तो कायद्याच्या पुस्तकातच राहील.

या सर्वांना खर्च येईल, आणि मोटारी थोड्या महाग होतील, अशी तक्रार उद्योगाकडून होईल. ती खोटी नाही. परंतु स्वस्त मोटारीची उरलेली किंमत आज कोणी भरत नाही असे नाही. ती बसथांब्यावरचा माणूस भरतो, आणि त्याला पावतीही मिळत नाही. ब्राउनश्वाइगच्या न्यायालयाने चार माणसांना दोषी ठरविले, ते योग्यच झाले. पण ज्या पद्धतीने त्यांना हा गुन्हा सुचला आणि वर्षानुवर्षे पचलाही, तिच्यावर कोणत्याही न्यायालयात खटला भरता येत नाही. ती बदलण्याचे काम कायदे करणाऱ्यांचे आहे. परीक्षेच्या दालनाबाहेर विद्यार्थी काय करतो हे पाहण्याची तयारी नसेल, तर गुणपत्रिकेवर विश्वास ठेवण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही.